रबरी नाव, एक नग

चांगदेव ओव्हाळांना पोहता येत नव्हतं. नदीकाठच्या साखर कारखान्यात भांडारपाल व्हायला पोहता यावं लागतं असा काही नियम नव्हता, म्हणून ही गोष्ट चौदा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ओव्हाळांच्या ताब्यात बारदान, चुना, गंधक, पट्टे, बेअरिंग आणि ग्रीसचे डबे असत, आणि यातली एकही वस्तू पाण्यात सोडून बघायची वेळ येत नाही. ते दौंडहून सायकलीनं येत, कुलूप काढत, आलेलं मोजून घेत, गेलेलं मोजून देत आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी जात. कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघत. हे ओढून बघणं एवढाच काय तो त्यांच्या आयुष्यातला संशयीपणा.

कारखान्याचं नाव मी सांगत नाही. नावावरूनच सगळं रामायण झालं.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ संपून दुसरा पावसाळा चालू होता आणि भीमेला पाणी होतं. कारखान्याचे चेअरमन सर्जेराव, म्हणजे सगळ्या तालुक्याचे आबा, नुकतेच परदेशाचा अभ्यासदौरा करून आले होते. गेले होते बिटापासून साखर कशी करतात ते बघायला. बीट त्यांना काही आवडलं नाही. "मुळ्यावानी दिसतंय," एवढा अभ्यास त्यांनी त्यावर केला. पण ऑस्ट्रियात की स्वित्झर्लंडात (आबांना दोन्ही देश एकाच दिवशी दाखवले होते, त्यामुळे त्यांच्या मनात तिथली सरहद्द पुसून गेली होती) त्यांनी एक नदी पाहिली आणि ती मात्र त्यांच्या डोक्यात बसली.

त्यांनी ओव्हाळांना बोलावून घेतलं.

"ओव्हाळ, तिकडं फेसाळ पान्यात मान्सं मुद्दाम जात्यात."

"पडतात, साहेब?"

"पडत न्हाईत. जात्यात. नावंत बसून. संगं एक वाटाड्या. नाव आशी उडती, आशी आपटती, आन् बाया हसत्यात! मी म्हनलं, हे आपल्याकडं का न्हाई? आपल्याकडं घुसळण हाय का न्हाई?"

घुसळण होती. मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला भीमेचं पात्र कातळात आवळतं आणि भादव्यात तिथलं पाणी डेऱ्यातल्या ताकासारखं पांढरं होऊन उसळतं. त्या जागेला लोक घुसळण म्हणत आणि तिथं म्हशीसुद्धा उतरवत नसत.

"गणपती झाल्यावर पयल्या रविवारी मुंबईहून बडे पाव्हणे यायचेत," आबा म्हणाले. "कारखान्याची वाढ त्यांच्या सहीवर आडलीय. त्यास्नी मांडवगणपास्नं दौंडच्या पुलापत्तुर नावंतनं आणायचं. नाव कसली पायजे ते तुमी ठरवा. बारकाईनं बघनारा दुसरा मानूस हाय का हितं? आन् तुमीबी बसायचं नावंत."

ओव्हाळ उभेच होते. त्या खोलीत चौदा वर्षांत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि आज एकदम नावेत बसा म्हणत होते. त्यांना गहिवरून आलं. शिवाय चैत्रापासून खरेदी अधिकाऱ्याची जागा मोकळी होती, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं. माणसाला गहिवर आणि बढती बहुधा एकदमच आठवतात.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. सगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावंत बसवतो म्हनले. खुर्चीत बसवतो म्हनले का?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"मला भाकरीत खडा दिसतो. दुसरं काय दिसनार?"

दुसऱ्या दिवशी ओव्हाळांनी रीतसर सुरुवात केली. सगळ्या खात्यांना एक परिपत्रक काढलं. विषय: नाव निवडण्याबाबत. आपापल्या सूचना आठ दिवसांत पाठवाव्यात.

आठ दिवसांत बावीस सूचना आल्या. कामगार कल्याण खात्यानं बारा नावं पाठवली, सहा मुलांची आणि सहा मुलींची, कारण आबांच्या धाकट्या लेकीला दिवस गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. केडगावच्या गट कार्यालयानं कळवलं की आमच्या कार्यालयाला आबांच्या मातोश्रींचं नाव द्यावं अशी शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. ओव्हाळांनी दुसरं परिपत्रक काढलं: 'नाव म्हणजे होडी.' त्यावर शेती खात्याचं उत्तर आलं: 'होडी हे नाव योग्य वाटत नाही. फेरविचार व्हावा.'

शेजाऱ्यांचा सल्ला मागावा लागत नाही, तो येतो. ओव्हाळांच्या शेजारी म्हाळूआप्पा राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांना वाटाड्याला इंग्रजीत गाईड म्हणतात हे कुणीतरी सांगितलं, पण कान थोडे गेलेले असल्यामुळे त्यांनी ते गार्ड असं ऐकलं.

"बरोबर हाय," ते ओव्हाळांच्या ओट्यावर येऊन बसत म्हणाले. "गार्डाबिगर गाडी न्हाई. मी येनार."

"आप्पा, गार्ड नाही. गाईड."

"त्येच त्ये. बत्तीस वर्षं केलीय मी गार्डकी. एक डबा घसरू दिला न्हाई." आणि त्यांनी घरातून हिरवा झेंडा आणि शिट्टी आणून दाखवली. लाल झेंडा निवृत्तीच्या वेळी जमा करून घेतला होता. हिरव्याची तेव्हा नोंदच सापडली नाही.

समोरच्या दगडाबाईंचं म्हणणं, भोपळे बांधून जावं. सगुणाबाईंच्या मते काहिलीसारखी चीज नाही. काहील म्हणजे गुळाची ती भली मोठी कढई. त्यांच्या माहेरी महापुरात काहिलीतून अडलेली बाळंतीण पलीकडं नेली होती आणि पोरगी काहिलीतच झाली. "पाव्हण्याला काय बाळंतिणीपरीस जास्त जपायचंय?" त्या म्हणाल्या. ओव्हाळांनी वहीत लिहून घेतलं: 'काहील. विचाराधीन.' त्यांनी काहीही टाकून दिलं नाही. भांडारपालाच्या स्वभावातच ते नसतं.

मग ते मांडवगणच्या बाजूला भिमाजीकडं गेले. भिमाजी कोळी तिथल्या उतारावर, नदी ओलांडायच्या जागी, नाव चालवायचा. साठी उलटलेली, पण खांदे अजून दाराच्या चौकटीसारखे. त्यानं ओव्हाळांकडं निरखून बघितलं.

"तुमी ज्ञानदेवाचं ल्योक न्हवं?"

"हो."

"मंग वर या. हुबं का?"

ओव्हाळांना लहानपणची ती नाव आठवत होती. भिमाजीच्या बापाच्या काळात ओव्हाळांच्या वस्तीतल्या माणसांना दिवसाच्या शेवटच्या खेपेला घेत, कारण त्यानंतर नाव धुवायची सोय होती. भिमाजीच्या हातात वल्हं आलं त्या वर्षी त्यानं एका सकाळी पहिल्याच खेपेला ओव्हाळांच्या आईला, आक्काबाईला, हात धरून वर घेतलं. चार महिने गावानं त्याच्या नावेत पाय ठेवला नाही. याविषयी भिमाजी कधी बोलला नाही, आणि ओव्हाळही त्या दिवशी बोलले नाहीत. त्यांनी वही काढली.

"घुसळणीतून जायला कसली नाव हवी?"

"घुसळणीतनं जायचंच कशापायी?"

"पाहुण्यांसाठी."

भिमाजीनं पाण्याकडं बघितलं. "लाकडाची नाव साध्या पान्याची. तितं फुटंल. काहील नुसती गरागरा फिरंल. मान्साला भोवळ आनंल, म्होरं न्हेनार न्हाई. लोखंड म्हनाल तर नांगर टाकायला चांगलं. तितं पायजे वाकनारं. आपटलं की दबंल आन् पुन्यांदा वर यील, आसलं कायतरी. आसतं का आसलं?"

असतं, हे ओव्हाळांना पुण्यात कळलं. लष्कराचा जुना माल विकणाऱ्या एका दुकानदारानं त्यांना चहा पाजून एक इंग्रजी माहितीपत्रक दिलं. त्यात रबरी नावेचं चित्र होतं. करड्या रंगाची, फुगवलेली, भोवती दोर. हवेचे कप्पे वेगवेगळे, एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. आठ माणसं बसतात, वाटाड्या मागं. घुसळणीसारख्याच पाण्यात सात-आठ गोरी माणसं तीत बसलेली होती आणि खरोखरच हसत होती. ओव्हाळ ते चित्र दौंड येईपर्यंत गाडीत बघत बसले.

नियमाप्रमाणे तीन ठिकाणची दरपत्रकं लागत. रबरी नाव एकाच ठिकाणी मिळत होती. म्हणून त्यांनी एक सुतार, एक वेल्डिंगवाला आणि हा दुकानदार अशी तीन मिळवली आणि तुलनात्मक तक्ता तयार केला. तक्ता कसला, ती त्यांची कलाकृती होती. रकाने एका तावावरून दुसऱ्या तावावर गेले होते. त्यातला शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं घातला होता: 'खडकावर आपटल्यास'. लाकडी नाव: फुटेल. लोखंडी नाव: चेपेल व बुडेल. काहील: गोल फिरेल. रबरी नाव: उसळेल. खाली शिफारस: रबरी नाव, एक नग. कार्बन घालून एक प्रत त्यांनी स्वतःकडं ठेवली. सही घ्यायला दोन्ही प्रती नेल्या. आबांनी जेवताजेवता डाव्या हातानं दोन्हींवर 'मान्य' लिहिलं.

संचालक मंडळाच्या बैठकीत मात्र वेगळंच वारं होतं. आबांचे मेहुणे हौसराव कारखान्याच्या वर्कशॉपची सगळी ठेकेदारी बघत. त्यांनी तक्ता उलटा धरून वाचला.

"रबर? आवो, ट्रॅक्टरची ट्यूब हप्त्यातनं दोनदा पंक्चर हुती. मुंबईच्या पाव्हण्याला ट्यूबमदी बसवनार? लोक काय म्हनतील?"

"त्यात वेगवेगळे कप्पे असतात," ओव्हाळ दारातून म्हणाले.

"आन् खुर्ची कुठं ठिवनार?"

माहितीपत्रकात कुणीच खुर्चीवर बसलेलं नव्हतं. शेवटी कुणाचंच मन मोडू नये म्हणून मंडळानं एक ठराव केला आणि तो वृत्तान्तात असा लिहिला गेला: 'रबरी नाव घेण्यास मंजुरी देण्यात येते. तथापि वेळेअभावी सदर रबरी नाव कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तयार करून घ्यावी.'

ओव्हाळांनी हा ठराव तीनदा वाचला. मग ते हौसरावांकडं गेले. "वर्कशॉपमध्ये रबराची नाव कशी करणार?"

"तुमी बगा तर."

पंधरा दिवसांत वर्कशॉपच्या दारात अँगल आणि जाड पत्रा वेल्ड करून एक नाव उभी राहिली. पुढं राजहंसाची मान, तिला पांढरा रंग, चोचीला शेंदरी. वर पत्र्याचं छत. मध्ये गेस्ट हाऊसचे दोन सोफे आडव्या पट्ट्यांत खोचून बसवलेले. आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या जुन्या टायरांच्या पट्ट्या तारेनं आवळलेल्या.

"झालं न्हवं रबर?" हौसराव म्हणाले.

नाव भांडारात जमा करून घ्यायची वेळ आली. वस्तूचं वर्णन काय लिहावं? ओव्हाळांनी 'लोखंडी नाव' लिहायला घेतलं. तसं लिहिलं तर ठरावाशी मेळ बसत नाही, असं कचेरीतून आलं. नाव सोडायला तीन दिवस राहिले होते आणि कागदाशिवाय ती दाराबाहेर निघत नव्हती. ओव्हाळांनी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी आबांचा निरोप आला, "ओव्हाळ आडून का बसल्यात?" चौदा वर्षांत त्यांच्याविषयी कुणी 'अडून बसला' म्हटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'रबरी नाव, एक नग. स्थिती उत्तम.' आणि सही केली. मग सवयीनं नावेची मान धरून एकदा ओढून बघितली. ती हलत होती.

वाटाड्या म्हणून बोलावलेला भिमाजी तर नाव बघून हसायलाच लागला. मी हिच्यात बसत नाही, म्हणाला. पण उतारावरच्या नावेचा ठेका दरसाल पंचायतीत ठरे, आणि पंचायतीत आबांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. भिमाजीचं हसू थांबलं. त्यानं एकच अट घातली: घुसळणीच्या अलीकडं नाव काठाला लावायची, सगळ्यांनी उतरायचं, आणि रिकामी नाव दोरानं ओढून पलीकडं घ्यायची. आबा म्हणाले, "बरं."

रविवारी सकाळी मांडवगणच्या काठावर मांडव, ताशा, सगळं होतं. पाहुणे सफारी घालून आले होते. हौसरावांनी राजहंसाची पूजा घातली आणि पूजा झालेल्या नावेत पायताण न्यायचं नाही म्हणून सगळ्यांना पायताणं काढायला लावली. ओव्हाळ नवीन शर्ट घालून आले होते. खिशात ते इंग्रजी चित्र होतं, पाहुण्यांनी विचारलंच तर दाखवायला. ते अनवाणी नावेत चढले आणि मागच्या कडेला बसले. बसले म्हणजे, पंधरा-वीस श्वास बसले.

"ओव्हाळ," आबा सोफ्यावरून म्हणाले, "तेवढं उतरा. फोटोवाल्याला जागा न्हाई."

ओव्हाळ उतरले. पाणी गुडघ्याएवढं होतं.

"आन् आसं करा, ही पायताणं घेऊन सडकेनं या. तुमच्याशिवाय नीट आणनार कोन?"

अकरा जोड होते. ओव्हाळांनी भांडारातलं एक पोतं मागवलं, प्रत्येक जोड सुतळीनं बांधला, पोतं सायकलीच्या कॅरिअरवर चढवलं आणि निघाले. शर्टाची इस्त्री पाठीवर घामानं मोडत होती. सगुणाबाईंना संध्याकाळी काय सांगायचं, याची ते वाटेनं वाक्यं जुळवत होते, आणि एकही वाक्य पायताणांशिवाय पुरं होत नव्हतं.

घुसळणीच्या काठावर ते पोचले तेव्हा म्हाळूआप्पा आधीच तिथं उंच खडकावर उभे होते. अंगात गार्डाचा जुना कोट. भादव्याच्या उन्हात.

नाव येताना दिसली. भिमाजी मागं उभा राहून तिला काठाकडं वळवत होता. म्हाळूआप्पांना वाटलं, गाडी ठेसनात शिरतेय. त्यांनी लांब शिट्टी मारली आणि जमेल तेवढ्या जोरात हिरवा झेंडा हलवला.

"आप्पा, अहो थांबवा!" ओव्हाळ ओरडले.

"लाईन किलीयर हाय!" म्हाळूआप्पा म्हणाले.

नावेत पाहुण्यांनी हिरवा झेंडा बघितला. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. "वा! रस्ता मोकळा आहे. मग थांबायचं कशाला?" ते म्हणाले. आबांना पाहुण्यांपुढं नाही म्हणता येईना. ते हौसरावांकडं बघू लागले. हौसराव उठले आणि त्यांनी भिमाजीच्या हातातलं वल्हं ओढून घेतलं. "मीच बनवलीय. मला ठाव हाय कशी चालती ती."

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. नाव पहिल्या कातळावर आपटली, आणि ओव्हाळांच्या तक्त्यातल्या रकान्याप्रमाणे अगदी अक्षरशः आधी चेपली, मग बुडली. राजहंसाची मान मोडून एकटीच पुढं निघून गेली. टायरांच्या पट्ट्या सुटून सापांसारख्या पाण्यावर पसरल्या. सोफ्यात काथ्या होता, त्यामुळे एक सोफा तेवढा तरंगला. पाहुणे त्या सोफ्याला मिठी मारून, घुसळणीतून उडत, आपटत, खाली गेले आणि अर्ध्या मैलावर एका बाभळीत अडकले.

बाकीच्यांना भिमाजीनं काढलं. तो बुडी मारी, एकाला काठाला आणून टाकी, श्वास घेई आणि परत जाई. आबांना त्यानं धोतराच्या काष्ट्याला धरून आणलं. हौसरावांचा हात मोडला होता, त्यांना खांद्यावर. शेवटी पोहत जाऊन त्यानं बाभळीतून पाहुणे सोडवले. अकराच्या अकरा माणसं काठावर आली तेव्हा भिमाजी वाळूत पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीचं कातडं कातळानं सोलून निघालं होतं.

ओव्हाळांना पोहता येत नव्हतं. ते पोतं धरून काठावर उभे राहिले. मग काय करावं ते न सुचून त्यांनी पोतं सोडलं आणि ज्याचा जोड त्याच्यापुढं नेऊन ठेवला. एकही चुकला नाही.

पाहुण्यांनी सही केली नाही. मग कुणाची तरी चूक असणं भाग होतं. चौकशी समिती नेमली गेली. समितीत हौसरावही होते, कारण नावेची माहिती त्यांनाच जास्त. पहिली नोटीस ओव्हाळांना आली: सदोष नावेची निवड केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

दोन दिवस ओव्हाळ जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना कार्बनची प्रत आठवली. ते कपाटातून ती काढून अक्षरशः नाचले. सगुणाबाई बघत राहिल्या.

समितीपुढं त्यांनी तक्ता वाचून दाखवला. शेवटचा रकाना त्यांनी जरा सावकाश वाचला. लोखंडी नाव: चेपेल व बुडेल. आबांनी स्वतःच्या हातचं 'मान्य' बघितलं. हौसरावांनी गळ्यात अडकवलेला हात सावरला. ओव्हाळांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकलो.

मग कार्यकारी संचालक साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे शिफारस रबरी नावेची होती."

"होय साहेब."

"ठरावही रबरी नावेचा. भांडारात जमा झाली तीही रबरी नाव, एक नग, स्थिती उत्तम. सही तुमचीच ना?"

"सही माझी, पण साहेब, ती नाव…"

"आणि तुमचाच तक्ता सांगतो, रबरी नाव आपटली तर उसळेल. मग बुडली कशी?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खोलीत हळूहळू उजेड पडत गेला, एकेका चेहऱ्यावर.

"चालवनाऱ्याचा दोष," हौसराव म्हणाले.

"नावंत काय खोट न्हवती," दुसरे एक संचालक म्हणाले. "भांडारपालाचाबी दोष न्हाई. कागद चोख हाय."

ओव्हाळांच्या तोंडून शब्द निघाला, "पण भिमाजीनं तर…"

"ओव्हाळ," आबा मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "खरेदी अधिकाऱ्याची जागा चैत्रापास्नं मोकळी हाय. तुमच्याइतकं चोख काम कुनाचं हाय? आवो, हुबं का? बसा की."

त्यांनी पायानं एक खुर्ची पुढं सारली.

ओव्हाळांनी खुर्चीकडं बघितलं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. भिमाजीनं घातलेली अट, हिसकून घेतलेलं वल्हं, सोललेली पाठ. सगळं क्रमानं मनात मांडून तयार होतं, फक्त ते उभ्यानं बोलायचं होतं. चौदा वर्षं उभं राहून पाय दुखले होते म्हणा, किंवा काय म्हणायचं ते म्हणा.

ओव्हाळ बसले.

भिमाजीचा ठेका गेला. हौसरावांच्या माणसाला मिळाला. ओव्हाळांना खरेदी अधिकाऱ्याची खोली मिळाली, टेबलाला काच होती. सगुणाबाईंनी पेढे वाटले नाहीत. शेजारी विचारू लागले तेव्हा म्हणाल्या, "त्यांनलाच इचारा."

महिन्यानं एका सकाळी ओव्हाळ मांडवगणला गेले. वाटेनं त्यांनी वाक्यं जुळवली होती. भिमाजी अंगणात जाळं दुरुस्त करत होता, पाठ अजून उघडी, खपल्या धरलेली. त्याची बायको गिताबाई चहा ठेवून गेली.

"मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही, भिमाजीमामा," ओव्हाळ म्हणाले.

"ठाव हाय," भिमाजी म्हणाला. "तुमी कायबी बोलला न्हाई."

त्यात टोमणा होता की नाही, हे ओव्हाळांना कळेना. कळलं असतं तर बरं झालं असतं. भिमाजीनं बशीत चहा ओतला.

"सायेब, एक इचारू? कागदावर माझा आंगठा घेतला. वाचून दावलं, रबराची नाव बुडवली म्हनून. म्हनलं, आसंल. पन आवो, मी ती बगितलीबी न्हाई. कशी आसती?"

ओव्हाळांनी खिसा चाचपला. चित्र तिथं नव्हतं. तो नवा शर्ट त्यांनी त्या दिवसानंतर घातलाच नव्हता. मग ते तोंडानं सांगू लागले. करड्या रंगाची. फुगवलेली, भोवती दोर. वेगवेगळे कप्पे, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. कातळावर आपटली की दबते आणि परत वर येते.

"वाकती म्हना की," भिमाजी म्हणाला. "आन् वाटाड्या कुठं बसतो?"

"मागं."

"मागंच पायजे." त्यानं बशी खाली ठेवली, पाय जरा फाकवून बसला, आणि दोन्ही मुठी वळून, हातात वल्हं असल्यासारखं डावीकडं एकदा आणि उजवीकडं एकदा मारून बघितलं. पाठीवरची एक खपली उकलली. "आन् म्होरं? म्होरं काय आसतं?"

ओव्हाळ सांगत राहिले. चित्रात नव्हतं तेही सांगत राहिले, कारण सांगणं थांबल्यावर काय बोलायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.